नौशेराचा शेर : ब्रिगेडियर मुहम्मद उस्मान

जुलै महिना आला की एका माणसाची दोनदा आठवण व्हावी. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आणि ३ जुलै हा शहादतीचा. १९४८ च्या जुलैमध्ये या दोन तारखांमध्ये बारा दिवसांचे अंतर राहून गेले. ते बारा दिवस मिळाले असते, तर ब्रिगेडियर मुहम्मद उस्मान छत्तीस वर्षांचे झाले असते. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात भारतीय सैन्याने गमावलेले ते सर्वांत वरिष्ठ अधिकारी. मरणोत्तर महावीर चक्राचे ते मानकरी आहेत. तरीही आपल्या घरांतल्या किती मुलांना त्यांचे नाव माहीत आहे? हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव निदान पाठ्यपुस्तकांमुळे आणि भाषणांमुळे कानावर पडते. उस्मान साहेबांचे नाव तेवढेही पडत नाही. म्हणून या महिन्याचे हे पान त्यांच्यासाठी.

बनारसच्या कोतवालाचा मुलगा

मुहम्मद उस्मान यांचा जन्म १९१२ चा, त्या वेळच्या संयुक्त प्रांतातल्या आझमगढ जिल्ह्यातील बीबीपूर गावचा. हे गाव आज मऊ जिल्ह्यात येते. वडील मुहम्मद फारूक पोलीस खात्यात होते. पुढे ते बनारसचे कोतवाल झाले आणि सरकारने त्यांना खानबहादूर हा किताब दिला. मुलाचे शिक्षणही बनारसला हरिश्चंद्र शाळेत झाले. आई-वडिलांचा धाक असलेले, शिस्तीचे, सरकारी नोकरीतले असे ते घर होते.

त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. उस्मान बारा वर्षांचे असताना रस्त्याने जात होते. एका विहिरीभोवती गर्दी जमली होती, कारण आत एक मूल पडले होते. मोठी माणसे काठावर उभी राहून आरडाओरडा करीत होती. या मुलाने फारसा विचार न करता विहिरीत उडी मारली आणि त्या मुलाला वाचवले. पुढे आयुष्यभर हेच झाले. बाकीचे काठावर उभे असताना हा माणूस आत उतरलेला असे.

मुलगा हुशार आणि धीट, पण बोलताना अडखळत असे. वडिलांना वाटे की या तोतरेपणामुळे मोठ्या मुलकी नोकरीत त्याचा निभाव लागणार नाही. त्यापेक्षा पोलीस खात्यात घालावे, म्हणून ते त्याला आपल्या इंग्रज वरिष्ठांकडे घेऊन गेले. योगायोग असा की तो साहेबही अडखळत बोलणारा होता. साहेबाने प्रश्न विचारला, मुलाने अडखळत उत्तर दिले. साहेबाला वाटले, हा पोरगा आपली नक्कल करतोय! तो भडकला आणि पोलिसाच्या नोकरीचे दार तिथेच बंद झाले, असे सांगतात.

ज्या आई-वडिलांच्या मुलाला बोलताना अडचण येते, त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. याच मुलाने पुढे हजारो सैनिकांना हुकूम दिले आणि त्याच्या एका शब्दावर जवान जीव द्यायला तयार झाले.

सँडहर्स्ट ते ब्रह्मदेश

उस्मान यांनी सैन्याची वाट धरली. त्या काळी इंग्लंडच्या सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात मोजक्याच हिंदी तरुणांना प्रवेश मिळे. १९३२ साली डेहराडूनला आपली स्वतःची लष्करी अकादमी सुरू झाली आणि सँडहर्स्टचा रस्ता बंद झाला. त्याआधी तिथे गेलेल्या अगदी शेवटच्या तुकडीत उस्मान होते. १ फेब्रुवारी १९३४ रोजी ते अधिकारी झाले. पहिले वर्ष रिवाजाप्रमाणे एका ब्रिटिश पलटणीत काढले आणि १९३५ मध्ये ते १० व्या बलूच रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये रुजू झाले. त्याच वर्षी वायव्य सरहद्दीवरच्या मोहमंद मोहिमेत त्यांनी पहिली लढाई पाहिली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते आणि त्यांच्या कामगिरीचा युद्धाच्या अधिकृत खलित्यात उल्लेख झाला. १९४५ मध्ये तर ते बलूच रेजिमेंटच्या एका बटालियनचे प्रमुख झाले.

इथपर्यंतची कहाणी त्या काळातल्या दुसऱ्या एखाद्या होतकरू अधिकाऱ्याचीही असू शकली असती. त्यांची खरी परीक्षा १९४७ ने घेतली.

निवड

फाळणी झाली तेव्हा जमिनीबरोबर सैन्याचीही वाटणी झाली. तोफा, गाड्या, दप्तरे, अगदी वाद्यवृंदाची वाद्येसुद्धा वाटली गेली. रेजिमेंटही वाटल्या गेल्या. उस्मान साहेबांची बलूच रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. ज्या मेसमध्ये बारा वर्षे जेवण केले, ज्यांच्याबरोबर सरहद्दीवर आणि ब्रह्मदेशात खांद्याला खांदा लावला, ते बहुतेक सोबती तिकडे चालले होते. मुस्लिम अधिकारी म्हणून त्यांनीही तिकडेच जावे, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न थेट वरून झाला. खुद्द मुहम्मद अली जिना आणि लियाकत अली खान यांनी त्यांना पाकिस्तानात येण्याचा आग्रह केला, पुढे सेनाप्रमुखपदाचेही आमिष दाखवले, असे सांगितले जाते. त्या वेळी उस्मान पस्तिशीत होते आणि पाकिस्तानच्या नव्या सैन्यात वरिष्ठ मुस्लिम अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणजे ही बढती नुसती हवेतली नव्हती, ती खरोखर मिळण्यासारखी होती.

उस्मान इथेच राहिले. त्यांची बदली डोगरा रेजिमेंटमध्ये झाली.

हा निर्णय आपण आज सहज वाचून पुढे जातो, पण त्याचे दिवस आठवून पाहावेत. पंजाब पेटलेला होता. रेल्वेगाड्यांमधून प्रेते येत होती. दिल्लीत मुसलमान कुटुंबे पुराना किल्ल्याच्या आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या छावण्यांत आसरा शोधत होती. अशा वेळी एक मुसलमान अधिकारी मोठ्या पदाला नकार देतो आणि जिथे त्याच्याकडे संशयाने पाहणारे डोळेही असू शकतात तिथे थांबतो. हे त्याने कोणाला खूश करण्यासाठी केलेले दिसत नाही. आपली माती, आपले घर आणि घेतलेली शपथ यांना तो जागला, इतकाच त्याचा अर्थ. दिलेले वचन पाळण्याची कुराणाची ताकीद आपण सगळे जाणतो. उस्मान साहेबांनी ती वर्दीत राहून पाळली.

झंगड गेले

ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांच्या झुंडी काश्मीरवर चालून आल्या आणि त्यांच्या पाठीशी पाकिस्तानचे सैन्य उभे राहिले. श्रीनगर वाचले, पण जम्मूच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग धगधगत होता. या भागात नौशेरा आणि झंगड ही दोन ठिकाणे कळीची होती. मीरपूरकडून आणि कोटलीकडून येणारे रस्ते झंगडला मिळतात आणि तिथून नौशेराकडे येतात. झंगड ज्याच्या हाती, त्याला नौशेराचे दार उघडे.

२५ डिसेंबर १९४७ रोजी शत्रूने मोठ्या संख्येने हल्ला करून झंगड घेतले. याच सुमारास ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची सूत्रे ब्रिगेडियर परांजपे यांच्याकडून उस्मान साहेबांकडे आली. नौशेरात तेव्हा काय परिस्थिती होती? चारी बाजूंच्या टेकड्यांवर शत्रू, गावात हजारो निर्वासित, कडाक्याची थंडी, मागच्या रस्त्यावर सतत छापे आणि झंगड गेल्यामुळे जवानांचे खचलेले मन. त्यात नवा ब्रिगेडियर मुसलमान आणि समोरचा शत्रू जिहादचा नारा देत येणारा. कोणाच्या मनात शंका आली नसेल असे नाही.

उस्मान साहेबांनी या शंकांवर भाषणे दिली नाहीत. त्यांनी एक प्रतिज्ञा केली : झंगड परत मिळेपर्यंत खाटेवर झोपणार नाही. त्या थंडीत ब्रिगेडचा प्रमुख जमिनीवर चटई अंथरून झोपू लागला. जवानांना जे कळायचे ते कळले.

कोटची भेट

जानेवारी १९४८ मध्ये लेफ्टनंट जनरल करिअप्पा पश्चिम विभागाचे प्रमुख झाले. ते नौशेराला आले, सगळी ठाणी पाहिली आणि जाताना उस्मान साहेबांना म्हणाले की मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे. भेट म्हणजे कोट. नौशेराच्या ईशान्येला असलेली ही उंच जागा शत्रूच्या ताब्यात होती आणि तिथून नौशेराच्या खोऱ्यावर त्याची नजर राहत होती.

१ फेब्रुवारीच्या पहाटे उस्मान साहेबांनी ही भेट दिली. या मोहिमेला करिअप्पांच्या टोपणनावावरून ‘किपर’ असे नाव होते. सकाळी एकदा कोट हातात आले, मग शत्रूच्या प्रतिहल्ल्याने निसटले आणि पुन्हा काही वेळातच परत घेतले गेले. या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी (पॅराशूट) बटालियनही होती. म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरे शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना करीत चढाई करीत होती आणि त्यांचा सेनानी होता आझमगढचा मुहम्मद उस्मान. महाराष्ट्रातल्या वाचकाने हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्या सैनिकांनी आपल्या सेनानीच्या नावाकडे पाहिले नाही. तो आपल्याबरोबर उभा आहे की नाही, एवढेच पाहिले.

६ फेब्रुवारीची सकाळ

कोट घेतल्यानंतर पाचच दिवसांत नौशेरावर सर्वांत मोठा हल्ला झाला. ६ फेब्रुवारीला पहाटेच्या धुक्यात आणि अंधारात हजारो हल्लेखोर चारी बाजूंनी टेकड्या चढू लागले. त्यांची संख्या सुमारे ११ हजार होती असे सांगितले जाते.

सर्वांत जास्त जोर तैनधारच्या टेकडीवर होता. तिथल्या दोन नंबरच्या चौकीवर पहिल्या राजपूत बटालियनचे सत्तावीस जवान होते. लाटांमागून लाटा आल्या. सत्तावीसपैकी चोवीस जण मारले गेले किंवा गंभीर जखमी झाले. नाईक जदुनाथ सिंह या जवानाने शेवटी एकट्याने स्टेनगन घेऊन शत्रूवर झेप घेतली आणि तिथेच प्राण ठेवला. त्यांना परमवीर चक्र मिळाले. तेवढ्या वेळात उस्मान साहेबांनी पाठवलेली कुमक टेकडीवर पोहोचली आणि तैनधार वाचली. तैनधार वाचली म्हणून नौशेरा वाचले. दिवस संपला तेव्हा शत्रू शेकडो प्रेते मागे टाकून हटला होता. आपले ३३ जवान कामी आले, शंभराहून अधिक जखमी झाले.

या दिवसानंतर लोक त्यांना ‘नौशेराचा शेर’ म्हणू लागले. पलीकडून त्यांच्या शिरावर ५० हजार रुपयांचे इनाम लागले. १९४८ सालचे पन्नास हजार म्हणजे केवढी रक्कम, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

बालक सेना

मला स्वतःला या सगळ्या पराक्रमापेक्षा एक वेगळी गोष्ट अधिक मोठी वाटते. नौशेरात निर्वासितांची आणि अनाथ झालेली कितीतरी मुले उघड्यावर फिरत होती. युद्धाच्या धामधुमीत अशा मुलांकडे पाहायला कोणाला सवड असते? उस्मान साहेबांनी ती काढली. सहा ते बारा वर्षांच्या या मुलांना त्यांनी एकत्र केले, खाण्यापिण्याची सोय केली, शिकवण्याची व्यवस्था केली आणि त्यांना शिस्त लावली. तिला ‘बालक सेना’ नाव पडले. लढाईच्या काळात ही मुले एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर निरोप पोहोचवत. त्यांतल्या तिघांचा पुढे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते सोन्याची घड्याळे देऊन गौरव झाला.

लहान मुलांना गोळीबारात निरोप घेऊन पाठवणे आज आपल्याला पटणार नाही आणि पटूही नये. तो काळ आणि ते वेढलेले गाव वेगळे होते. पण ज्या मुलांचे छप्पर, आई-बाप सगळे गेले होते, त्यांना कोणीतरी नाव दिले, काम दिले, तुम्ही ओझे नाही असे सांगितले, हे विसरता येत नाही. ही मुले मुख्यतः हिंदू आणि शीख निर्वासितांची होती. ज्यांच्या घरांना धर्माच्या नावाने आग लावली गेली, त्यांच्या डोक्यावर एका मुसलमानाने हात ठेवला. यतिमांचा हक्क सांगताना इस्लामने यतिमाचा धर्म कुठे विचारला आहे?

उस्मान साहेबांनी लग्न केले नव्हते. दारूला ते शिवत नसत, जी त्या काळच्या लष्करी मेसमध्ये सोपी गोष्ट नव्हती. पगाराचा मोठा भाग गरीब मुलांच्या शिक्षणावर आणि पालनपोषणावर जाई.

खाट उसनी आणली

मार्चमध्ये झंगड परत घेण्याची मोहीम निघाली. मेजर जनरल कलवंत सिंह यांच्या हाताखाली १९ वी ब्रिगेड आणि उस्मान साहेबांची ५० वी पॅरा ब्रिगेड, सोबत रणगाडे. पावसाने रस्ते चिखलात बुडाले, मोहीम रेंगाळली. निघण्यापूर्वी उस्मान साहेबांनी आपल्या जवानांसाठी एक संदेश काढला. त्यात मेकॉलेच्या एका प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या ओळी त्यांनी घातल्या होत्या. मरण सगळ्यांना येतेच, मग ते आपल्या माणसांसाठी लढताना यावे, हा त्यांचा आशय. १८ मार्च १९४८ रोजी झंगड पुन्हा भारताच्या हाती आले.

आता ब्रिगेडियर साहेब खाटेवर झोपू शकत होते. पण ब्रिगेडच्या मुख्यालयात खाटच नव्हती! शेवटी जवळच्या गावातून एक खाट उसनी आणली गेली आणि तीन महिन्यांच्या जवळपास जमिनीवर झोपलेला हा माणूस त्या रात्री तिच्यावर आडवा झाला.

नौशेरा टिकले म्हणूनच पुढची दारे उघडली. एप्रिलमध्ये राजौरीकडे जाणारा रस्ता नौशेरापासूनच मोकळा करायचा होता. ते काम बॉम्बे इंजिनिअर्सच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी केले. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा तरुण जखमी असतानाही तीन-चार दिवस सुरुंग काढत, अडथळे फोडत रणगाड्यांना वाट करून देत राहिला. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली. राणे यांनाही परमवीर चक्र मिळाले. जदुनाथ सिंह, राणे आणि उस्मान या तिघांची नावे एकाच खोऱ्यातल्या, एकाच वर्षातल्या लढायांशी जोडलेली आहेत. मुलांना सांगताना ती तिन्ही एकत्रच सांगावीत.

३ जुलै १९४८

झंगड गेल्याचा सल शत्रूला होता. त्याने पुन्हा पुन्हा हल्ले केले, तोफांचा मारा केला, पण झंगड हलले नाही. ३ जुलैच्या संध्याकाळी उस्मान साहेबांनी नेहमीची बैठक घेतली. पावणेसहाच्या सुमारास तोफगोळे पडू लागले. सगळ्यांनी आडोसा घेतला, आपल्या तोफांनी उत्तर दिले. मारा जरा थांबला तसे ते बाहेर पडले आणि त्याच वेळी एक गोळा जवळच फुटला. ते जागेवरच गेले.

त्यांचे पार्थिव दिल्लीला आणले गेले. जनाज्याला पंतप्रधान नेहरू, मौलाना आझाद असे देशाचे नेते हजर होते. संपूर्ण शासकीय इतमामात त्यांना जामिया मिल्लिया इस्लामियाच्या परिसरात दफन करण्यात आले. झंगडला ते जिथे पडले, तिथे आज त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी ३ जुलैला सैन्य तिथे मानवंदना देते.

मुलांना काय सांगायचे?

उस्मान साहेबांची आठवण दोन चुकीच्या पद्धतींनी काढली जाते. एक म्हणजे कोणी आपल्या निष्ठेवर शंका घेतली की आपण घाईघाईने त्यांचे नाव पुढे करतो, जणू ते खिशात बाळगायचे प्रमाणपत्र आहे. ते तसे नाही. या देशातल्या साध्या नागरिकाला, शेतकऱ्याला, शिक्षिकेला, रिक्षावाल्याला आपले इथले असणे सिद्ध करण्यासाठी कोणा शहिदाची गरज नाही. आणि शहिदाचेही असे वापरले जाणे बरोबर नाही. तैनधारवर पडलेल्या राजपूत जवानाच्या नावाने कोणी प्रमाणपत्र मागत नाही, मग उस्मान साहेबांच्या नावाने ते का दाखवायचे?

दुसरी पद्धत म्हणजे विसरणे. २०२० च्या अखेरीस जामियातल्या त्यांच्या कबरीची मोडतोड झाल्याचे समोर आले. सैन्याने पुढाकार घेऊन ती दुरुस्त केली, हे चांगलेच झाले. पण कबरीचा दगड तुटलेला दिसेपर्यंत आपल्यापैकी किती जणांना ती तिथे आहे हे माहीत होते? दिल्लीला लग्नासाठी, परीक्षेसाठी, फिरण्यासाठी आपली माणसे जातात. जामिया नगरला नातेवाईकही असतात. पुढच्या वेळी गेलात तर तिथे जाऊन फातेहा जरूर पढा, मुलांना सोबत घ्या.

आणि घरी मुलांना ही गोष्ट सांगताना इनामाची रक्कम, मारलेल्या शत्रूंची संख्या यांवर फार वेळ घालवू नका. विहिरीत उडी मारणारा बारा वर्षांचा मुलगा सांगा. अडखळत बोलणारा मुलगा सेनानी झाला हे सांगा. मोठ्या पदाला नाही म्हणणारा तरुण सांगा. थंडीत चटईवर झोपणारा साहेब सांगा आणि दुसऱ्यांच्या यतीम मुलांना जेवू घालणारा माणूस सांगा. बाकीचे मुले स्वतः समजून घेतील.

अल्लाह त्या मर्द माणसाला जन्नतमध्ये उच्च स्थान देवो. आमीन.